बंदिवासातील नरवानर व खुरी प्राणी : सामाजिक वर्तन, प्रजनन व कल्याण

बंदिवासातील नरवानर व खुरी प्राणी : प्राणिसंग्रहालये, राखीव उद्याने व प्रयोगशाळा यांमध्ये माणसाने बाळगलेल्या वन्य सस्तन प्राण्यांत नरवानर गणातील प्राणी (माकडे, कपी, टॅमरिन इ.) आणि खूर असलेले प्राणी (हरणे, कुरंग, गवे, वन्य घोडे, गेंडे, जिराफ इ.) यांचा भरणा पूर्वीपासून मोठा आहे. प्राणिवर्गीकरणाच्या दृष्टीने हे दोन समूह एकमेकांपासून दूरचे आहेत; तथापि बंदिवासाच्या संदर्भात त्यांचा एकत्र विचार करण्यास सबळ कारण आहे. दोहोंतील बहुतेक जाती टोळ्यांनी वा कळपांनी राहतात, मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते आणि त्या पिलाचे पुढील जीवन आईशी व कळपाशी आलेल्या संबंधांवर अवलंबून असते. यामुळे अन्न, ऊब व निवारा पुरविला तरी या प्राण्यांची वाढ होईलच असे नाही, हे त्यांच्या बंदिवासाच्या इतिहासातून हळूहळू स्पष्ट होत गेले. प्राण्याची सामाजिक रचना ही अन्नपाण्याइतकीच त्याची मूलभूत गरज असून ती प्रत्येक जातीत वेगळी असते, हे ज्ञान होण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली आणि त्याची किंमत मुख्यतः प्राण्यांनीच मोजली.

प्रारंभीचा काळ : राजेरजवाड्यांच्या पदरी असलेल्या पशुशाळांत दुर्मिळ प्राण्याचा एखादा नमुना बाळगण्याची पद्धत होती. मोगल सम्राट जहांगीर याच्या दरबारात आणलेल्या झेब्राचे चित्र मन्सूर या चित्रकाराने १६२१ मध्ये काढले. पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांच्या पशुशाळेत गेंडा होता. १७९० मध्ये गंगाराम तांबट यांनी काढलेले त्याचे चित्र आजही उपलब्ध आहे. असे प्राणी नजराणा म्हणून येत व वैभवाचे चिन्ह म्हणून ठेवले जात. त्यांची वीण व्हावी ही अपेक्षा त्यामागे क्वचितच असे.

यूरोपात व्हिएन्नाजवळील शनब्रुन येथे १७५२ मध्ये पशुशाळा स्थापन झाली आणि लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेचे उद्यान १८२८ मध्ये सुरू झाले. या संस्थांचा उद्देश शास्त्रीय असला, तरी जास्तीत जास्त जातींचे नमुने एकत्र करण्याकडेच त्यांचा कल होता. एका पिंजऱ्यात एक माकड आणि एका कुंपणात हरणांची एक जोडी ही नेहमीची व्यवस्था होती. मेलेल्या प्राण्याची जागा रानातून पकडून आणलेल्या दुसऱ्या प्राण्याने भरून काढीत. मोठे कपी तर क्षय, श्वसनाचे विकार व अयोग्य आहार यांमुळे बहुधा थोड्याच काळात दगावत.

या काळातही काळजीपूर्वक निरीक्षणाची उदाहरणे आढळतात. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थेवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांचा आहार, आजार, सवयी व वीण यांच्या प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेला हा या विषयावरील जुन्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक होय. याच प्राणिसंग्रहालयात १८८९ मध्ये सुमात्रा गेंड्याची मादी व्याली. या घटनेचे महत्त्व पुढे शतकभरानंतर लक्षात आले.

लंडनची माकडटेकडी : जर्मन प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हँबर्गजवळील श्टेलिंगेन येथे गजांऐवजी खंदक व कृत्रिम खडक यांचा उपयोग करून प्राणी उघड्यावर ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिला अनुसरून १९२५ मध्ये लंडनच्या उद्यानात खंदकाने वेढलेली एक कृत्रिम टेकडी उभारण्यात आली व तीवर सुमारे शंभर हमाद्रियस बॅबून सोडण्यात आले. सर्व नरच असावेत अशी योजना होती. परंतु आलेल्या प्राण्यांत काही माद्याही निघाल्या. त्यांच्यासाठी नरांमध्ये तुंबळ झुंजी झाल्या. समतोल साधावा म्हणून १९२७ मध्ये आणखी तीस माद्या सोडण्यात आल्या. पण त्यामुळे झुंजी थांबण्याऐवजी वाढल्या. नरांच्या ओढाताणीत बहुतेक माद्या मरण पावल्या आणि टेकडीवर जन्मलेल्या पिलांपैकी जवळजवळ एकही जगले नाही.

सॉली झुकरमन यांनी या टोळीचे निरीक्षण करून १९३२ मध्ये माकडे व कपी यांच्या सामाजिक जीवनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लैंगिक आकर्षण व नरांचे वर्चस्व हेच माकडांच्या समाजाचे मूळ बंधन होय, असे प्रतिपादन त्यात होते. ग्रंथातील शरीरक्रियाविज्ञानविषयक भाग मोलाचा होता. परंतु समाजरचनेविषयीचा निष्कर्ष एका विस्कटलेल्या समूहावरून काढलेला होता. रानातील माकडे अशीच हिंसक असतात, हा समज या ग्रंथामुळे बराच काळ टिकून राहिला.

त्याचे निराकरण हान्स कुमर या स्विस शास्त्रज्ञाच्या संशोधनाने झाले. कुमर यांनी १९५० नंतरच्या दशकात झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातील हमाद्रियस बॅबूनांच्या एका लहान व स्थिर टोळीचा अभ्यास केला आणि १९६०-६१ मध्ये फ्रेड कुर्ट यांच्यासह इथिओपियात जाऊन रानातील टोळ्यांचा मागोवा घेतला. रात्री कड्यांवर शेकडो बॅबून एकत्र झोपत असले, तरी त्यांचा समाज पायरीपायरीने बांधलेला असतो, असे त्यांना आढळले. एक प्रौढ नर व त्याच्यामागे चालणाऱ्या काही माद्या हे त्यातील सर्वांत लहान एकक होय. एखादी मादी एका नराच्या कुटुंबात आहे असे दिसल्यावर परिचित नर सहसा तिच्यावर हक्क सांगत नाही. तरुण नर अल्पवयीन मादीला जवळ करून क्रमाक्रमाने आपले कुटुंब उभारतो.

लंडनच्या टेकडीवर यांपैकी एकही गोष्ट शक्य नव्हती. तेथील प्राणी ठिकठिकाणांहून पकडलेले व परस्परांस अनोळखी होते. नरांची संख्या माद्यांच्या कितीतरी पट होती. हरलेल्या नराला दूर निघून जाण्यास आणि मादीला आश्रय घेण्यास जागा नव्हती. टेकडी दिसावयास नैसर्गिक होती, परंतु तीवरील समाज नैसर्गिक नव्हता. बंदिस्त जागेच्या बाह्य रूपापेक्षा तीतील प्राण्यांची निवड, संख्या व परस्परसंबंध महत्त्वाचे असतात, हा या घटनेचा अर्थ होय.

हेडिगर यांचे कार्य : बंदिवासातील वर्तनाच्या अभ्यासाला शास्त्राचे स्वरूप देण्याचे श्रेय हाइनी हेडिगर यांना दिले जाते. बर्न, बाझेल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे त्यांनी संचालकपद भूषविले. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथात बंदिवासातील वन्य प्राण्यांचा जीववैज्ञानिक दृष्टीने विचार केलेला आहे. माणूस वा शत्रू ठराविक अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. या अंतराला त्यांनी पलायन-अंतर म्हटले. कुंपण या अंतरापेक्षा अरुंद असल्यास हरणासारखा प्राणी सतत भेदरलेला राहतो, धडपडून जखमी होतो व त्याची वीण खुंटते. रानातील प्राणीही स्वैर भटकत नसून आपल्या क्षेत्रात ठरलेल्या वाटांनी व ठरलेल्या वेळी वावरतो, यावरही त्यांनी भर दिला. म्हणून जागेच्या विस्ताराइतकीच तीतील आडोसा, वाटा, खुणा करण्याच्या जागा व उद्योग यांची सोय महत्त्वाची ठरते. नियमित प्रजनन हे व्यवस्था ठीक असल्याचे एक गमक त्यांनी मानले. तथापि तेवढ्यावरून प्राणी सुस्थितीत आहे असे म्हणता येत नाही, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले.

माता व पिलू : अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी भारतात आढळणाऱ्या ऱ्हीसस (तांबड्या तोंडाच्या) माकडांवर केलेले प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. संसर्गजन्य रोग टाळण्यासाठी पिलांना जन्मानंतर लवकरच आईपासून वेगळे करीत. अशी पिले शरीराने सुदृढ पण वर्तनाने विलक्षण होतात, असे दिसून आले. १९५८ मध्ये हार्लो यांनी दाखविले की, दूध देणाऱ्या तारेच्या पुतळ्यापेक्षा दूध न देणाऱ्या, पण मऊ कापडाच्या पुतळ्याला पिलू अधिक वेळ बिलगून राहते. जन्मापासून सहा महिने ते वर्षभर पूर्ण एकांतात ठेवलेली पिले अंग झुलवीत बसत, स्वतःला चावत व इतर माकडांत मिसळू शकत नसत. मोठेपणी त्यांना मीलन साधत नसे आणि अशा ज्या माद्या व्याल्या त्यांपैकी पुष्कळ आपल्या पिलाकडे दुर्लक्ष करीत किंवा त्याला इजा करीत. पुढे १९७२ मध्ये स्टीफन सुओमी व हार्लो यांना असे आढळले की, वयाने लहान व सामान्य रीतीने वाढलेल्या माकडांचा सहवास दिल्यास एकांतात वाढलेल्या माकडांचे वर्तन बरेच सुधारते. या प्रयोगांतून मिळालेले ज्ञान महत्त्वाचे असले, तरी ते प्राण्यांना दिलेल्या तीव्र यातनांतून मिळाले होते आणि त्यावरून प्रयोगनीतीविषयी दीर्घकाळ वाद झाला. या जातीच्या माकडांची भारतातून होणारी निर्यात १९७८ पासून बंद झाली.

प्राणिसंग्रहालयांतील कपींच्या बाबतीत हाच अनुभव आला. गोरिलाचे बंदिवासातील पहिले पिलू अमेरिकेतील कोलंबस येथे डिसेंबर १९५६ मध्ये जन्मले. कोलो नावाची ही मादी माणसांनी वाढविली. ती २०१७ पर्यंत जगली. बाझेल येथे १९५९ मध्ये जन्मलेल्या गोमा या मादीचे संगोपनही माणसाच्या घरी झाले. तेथेच १९६१ मध्ये जन्मलेल्या जांबो या नराला मात्र त्याच्या आईने स्वतः वाढविले व ही घटना महत्त्वाची मानली गेली. लहानपणीच रानातून पकडलेल्या माद्यांनी दुसऱ्या मादीला पिलू सांभाळताना पाहिलेलेच नसे. त्यामुळे पहिल्या वेतात त्या गोंधळून जात. रानातील गोरिलांत एक प्रौढ नर, अनेक माद्या व त्यांची पिले असा समूह असतो, हे जॉर्ज शालर यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळल्यावर जोडीऐवजी कुटुंबसमूह ठेवण्याकडे कल वाढला.

याच्या उलट उदाहरण ब्राझीलमधील सोनेरी सिंह-टॅमरिन या लहान माकडाचे आहे. १९७० च्या सुमारास रानात त्याची संख्या अगदी थोडी उरली होती व बंदिवासात जन्मापेक्षा मृत्यूच अधिक होत होते. या माकडात नर-मादीची एकच जोडी प्रजनन करते. एका समूहात अनेक माद्या ठेवल्यास त्या एकमेकींवर हल्ले करतात. बहुधा जुळी होतात व त्यांना पाठीवर वाहण्याचे काम पिता व थोरली भावंडे करतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणि-उद्यानातील डेव्हरा क्लायमन यांच्या अभ्यासावरून एकेका जोडीला स्वतंत्र जागा देण्यात आली आणि धाकट्या भावंडांना वाहण्याचा अनुभव मिळेपर्यंत पिलांना आईबापांपासून दूर न करण्याची प्रथा पडली. हा अनुभव न मिळालेली टॅमरिने स्वतःची पिले नीट सांभाळू शकत नाहीत, असे आढळले होते. त्यानंतर संख्या वेगाने वाढली व १९८४ पासून ब्राझीलमधील अरण्यात काही माकडे सोडण्यात आली. आरंभी त्यांतील पुष्कळ मरण पावली. झाडांवर वाट काढणे, अन्न शोधणे ही कौशल्ये पिंजऱ्यात आपोआप येत नाहीत, हा धडा त्यांपासून मिळाला.

हरणे व कुरंग यांमध्ये मातृवर्तनाच्या अज्ञानातून निराळी चूक होत असे. यांतील अनेक जातींची पाडसे जन्मानंतर काही दिवस गवतात वा झुडपात निश्चल पडून राहतात; आई दूर चरते व ठराविक वेळी येऊन पाजून जाते. फ्रिट्झ वाल्थर यांनी अशी लपून राहणारी पाडसे व घोड्याच्या शिंगराप्रमाणे जन्मल्यावर लवकरच आईमागे चालू लागणारी पिले यांतील भेद स्पष्ट केला. हा भेद ठाऊक नसलेले रक्षक एकटे पाडस टाकून दिलेले समजून उचलून आणीत व बाटलीने दूध पाजून वाढवीत. असा नर मोठा झाल्यावर माणसालाच स्वजातीय प्रतिस्पर्धी मानून माजाच्या काळात त्याच्यावर शिंगे रोखतो. उघड्या, सपाट कुंपणात पाडसाला लपण्यास जागा नसल्यास कळपातील इतर प्राणी त्याला छळतात. थोडे उंच गवत किंवा फांद्यांचा आडोसा ठेवल्याने पाडसांचा बचाव होऊ शकतो.

खुरी प्राण्यांचे कळप : काही खुरी प्राणी आज अस्तित्वात आहेत ते केवळ बंदिवासामुळे. चीनमधील मिलू हे हरण पेकिंगजवळील शाही शिकारउद्यानात उरले होते. फ्रेंच धर्मोपदेशक आर्मां दाव्हीद यांनी १८६५ मध्ये ते पाहिले. पुढे पूर आणि १९०० मधील धामधूम यांत तेथील हरणे नष्ट झाली. यूरोपातील निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली अठरा हरणे बेडफर्डच्या ड्यूकने इंग्लंडमधील वोबर्न येथील आपल्या विस्तीर्ण उद्यानात एकत्र केली. छोट्या कुंपणांतील एकट्यादुकट्या हरणांचा येथे कळप झाला आणि तो वाढला. आजचे सर्व मिलू या कळपाचे वंशज होत. १९८५ मध्ये वोबर्नहून काही हरणे त्याच जुन्या शिकारउद्यानाच्या जागी परत नेण्यात आली व १९८६ मध्ये दाफेंग येथे आणखी ३९ हरणे पाठविण्यात आली.

यूरोपीय गव्याचा रानातील शेवटचा प्राणी १९२७ मध्ये कॉकेशसमध्ये मारला गेला. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरातील गव्यांची गणना केली, तेव्हा चोपन्नच शिल्लक होते. त्यांची वंशावळ १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. वन्य प्राण्याची अशी पद्धतशीर वंशनोंद ठेवण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न होता. १९५२ मध्ये पोलंडच्या ब्यावोवेझा अरण्यात गवे पुन्हा मोकळे सोडण्यात आले.

मध्य आशियातील प्रझेवाल्स्की घोड्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पकडून आणलेल्या शिंगरांपैकी थोड्यांनीच प्रजनन केले व सध्याचे सर्व घोडे जेमतेम डझनभर वन्य पूर्वजांपासून झालेले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फक्त एकतीस घोडे उरले होते. १९५९ मध्ये प्राग येथे भरलेल्या परिषदेनंतर त्यांची वंशनोंद नियमित होऊ लागली. रानात १९६९ नंतर हा घोडा दिसला नाही. निसर्गात एक घोडा, काही घोड्या व त्यांची शिंगरे यांचे कुटुंब असते आणि तरुण नरांची वेगळी टोळी बनते. या टोळीत खेळता-झुंजता नर इतरांशी वागण्यास शिकतो. लहानपणापासून एकटा ठेवलेला व मग एकदम घोड्यांच्या कळपात सोडलेला नर त्यांच्यावर हल्ला करी, कधी शिंगरांना मारून टाकी. म्हणून नेदर्लंड्समध्ये मोठ्या राखीव कुरणांत कळप व नरटोळ्या स्वाभाविक रीतीने घडू देण्यात आल्या. त्यांतून तयार झालेले घोडे १९९२ पासून मंगोलियात सोडण्यात आले.

अरबी ओरिक्स या कुरंगाच्या बाबतीतही हेच तत्त्व उपयोगी पडले. १९६२ मध्ये पकडलेले काही ओरिक्स व इतरत्र असलेले थोडे मिळून नऊ प्राण्यांचा जागतिक कळप अमेरिकेतील फीनिक्स येथे उभारण्यात आला. तेथील कोरडे हवामान त्यांना मानवले. १९७२ मध्ये ओमानमधील शेवटचा वन्य कळप नाहीसा झाला. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, तेथेच प्राणी सोडताना ते सुटे न सोडता मोठ्या कुंपणात त्यांचा कळप जुळल्यावर एकत्र सोडले. १९९६ पासून चोरट्या शिकारीमुळे ओमानमधील या प्रयोगाला मोठा धक्का बसला, यावरून पुनःस्थापनेचे यश केवळ प्रजननावर अवलंबून नसते हेही दिसून आले.

अंतःप्रजनन व वंशनोंद : थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या कळपात जवळच्या नातलगांत मीलन होणे अटळ असते. प्राणिसंग्रहालयांत ही गोष्ट बराच काळ दुर्लक्षिली गेली. एकच बलिष्ठ नर अनेक वर्षे ठेवून त्याच्या मुलींपासूनही वीण घेतली जाई. कॅथरिन रॉल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खुरी प्राण्यांच्या सोळा जातींच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी पंधरा जातींत नातलगांच्या संबंधातून जन्मलेल्या पिलांचे मृत्युप्रमाण इतर पिलांपेक्षा अधिक आढळले. १९८२ मध्ये नरवानरांविषयीही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नैसर्गिक समाजात वयात आलेले नर किंवा माद्या जन्माचा समूह सोडून जातात. हा निर्गम कुंपणामुळे थांबतो, म्हणून त्याचे काम माणसाला वंशनोंदीच्या आधारे प्राण्यांची अदलाबदल करून पार पाडावे लागते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिका व यूरोप येथे यासाठी जातिवार संयुक्त कार्यक्रम सुरू झाले. मात्र या अदलाबदलीत प्राण्याचे जुने संबंध तुटतात. आनुवंशिक हित व सामाजिक स्थैर्य यांत असा विरोध असून तो कोणत्याही कोष्टकाने पूर्णपणे सुटत नाही.

एकाकी जाती : समूहजीवनाचा नियम सर्वांना सारखा लावणे हीसुद्धा चूकच ठरते. गेंडे बहुधा एकाकी राहतात. आसामातून नेलेल्या गदाधर व जयमती या भारतीय गेंड्यांच्या जोडीपासून बाझेल येथे १९५६ मध्ये रुद्र नावाचा नर जन्मला. बंदिवासातील भारतीय गेंड्यांच्या नियमित पैदाशीची ही सुरुवात मानली जाते. सुमात्रा गेंड्याची पैदास मात्र कलकत्त्यातील १८८९ च्या जन्मानंतर शंभराहून अधिक वर्षे कोठेही साधली नाही. १९८४ नंतर सुमारे चाळीस गेंडे पकडण्यात आले. त्यांपैकी पुष्कळ वीण न होताच मेले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे टेरी रॉथ यांनी हॉर्मोनांच्या व श्राव्यातीत चित्रणाच्या साहाय्याने मादीचा अभ्यास केला, तेव्हा तिच्यात अंडमोचन मीलनानंतरच होते असे निष्पन्न झाले. इतर वेळी नर व मादी यांत मारामारी होत असल्याने त्यांना दूर ठेवून योग्य दिवशीच एकत्र आणण्यात येऊ लागले. एमी या मादीचे पाच गर्भ गळून गेल्यावर प्रोजेस्टेरॉनाचा उपचार करण्यात आला व सप्टेंबर २००१ मध्ये तिला पिलू झाले.

कल्याणाची कल्पना : बंदिवासातील प्राण्यांत एकाच वाटेने येरझारा घालणे, मान वा अंग झुलविणे, स्वतःचे केस उपटणे अशा साचेबंद हालचाली दिसतात. जिराफ कुंपण चाटत राहतो. झाडपाला ओरबाडून खाण्यात जाणारा त्याचा वेळ रिकामा राहणे हे याचे एक कारण आहे. ही लक्षणे पोटभर आहार व चांगली वीण असलेल्या प्राण्यांतही आढळतात. त्यामुळे १९७० नंतर कल्याणाची कसोटी आयुर्मान व प्रजनन यांपलीकडे नेण्यात आली. अन्न एकदम न देता शोधावे लागेल असे विखरून ठेवणे, चढण्यास दोर व ओंडके देणे, नजरेआड होण्यास जागा ठेवणे, असे उपाय रूढ झाले. अमेरिकेत १९८५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन प्रयोगशाळांतील नरवानरांच्या मानसिक स्वास्थ्याची तरतूद बंधनकारक झाली.

नेदर्लंड्समधील आर्नेम येथे १९७१ मध्ये चिंपँझींची मोठी वसाहत प्रशस्त खुल्या आवारात स्थापन झाली. फ्रान्स द वाल यांनी तेथील निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. नरांतील सत्तास्पर्धा, युती व भांडणानंतरचा समेट यांचे त्यातील वर्णन प्रसिद्ध आहे. परंतु याच वसाहतीत १९८० मध्ये रात्रीच्या पिंजऱ्यात एकत्र असलेल्या तीन नरांपैकी लाउट हा इतर दोघांनी केलेल्या जखमांनी मेला. दिवसा मध्यस्थी करणाऱ्या माद्या त्या वेळी जवळ नव्हत्या आणि पळण्यास जागा नव्हती. उत्तम व्यवस्थेतही बंद दाराचा परिणाम कसा होतो, हे यावरून ध्यानात येते.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात प्राणिसंग्रहालयांविषयी तरतुदी घालण्यात आल्या आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. जोडीदार मिळविणे वा पैदाशीच्या कळपात नवे रक्त आणणे यांसारखे कारण असल्याशिवाय एखाद्या जातीचा एकटाच प्राणी आणण्यास नियमांनी मनाई केली. माकडांचे खेळ करण्यावर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली. मणिपूरच्या संगाई हरणांची रानातील संख्या १९७५ च्या पाहणीत अवघी चौदा भरली होती. रानातील संरक्षणाबरोबरच दिल्ली, कलकत्ता इ. ठिकाणच्या कळपांमुळे या जातीला आधार मिळाला.

अतिरिक्त प्राण्यांचा प्रश्न : सामाजिक रचना व आहार यांचे ज्ञान वाढल्यामुळे अनेक जातींची वीण सहज होऊ लागली व त्यातून नवी अडचण निर्माण झाली. एका नरामागे अनेक माद्या असलेल्या कळपात नर व मादी पिले जवळजवळ समप्रमाणात जन्मतात. साहजिकच बहुतेक नरांना कळपात स्थान नसते. निसर्गात त्यांपैकी पुष्कळ शिकारी प्राणी, उपासमार व झुंजी यांना बळी पडतात. कुंपणात हा निर्णय माणसाला घ्यावा लागतो. नरांच्या वेगळ्या टोळ्या करणे, नर-मादी अलग ठेवणे, खच्चीकरण व गर्भनिरोधन हे उपाय योजतात. गर्भनिरोधनाने संख्या आटोक्यात येते; पण कळपात पिले न राहिल्याने तरुण माद्यांना संगोपनाचा अनुभव मिळत नाही. काही यूरोपीय संस्था प्राण्यांना नैसर्गिक रीतीने वीण करू देऊन अतिरिक्त प्राणी मारतात. २०१४ मध्ये कोपनहेगन येथे मारियस या दोन वर्षांच्या निरोगी जिराफाला त्याचे जीन पैदाशीच्या कळपात आधीच पुरेसे असल्याच्या कारणास्तव मारण्यात आले, तेव्हा जगभर वाद झाला. भारतात अशी पद्धत कायद्याला व लोकभावनेला मान्य नाही. परिणामी चितळ, काळवीट यांचे कळप कित्येक ठिकाणी जागेच्या मानाने फार वाढतात व दाटीमुळे झुंजी, रोग आणि पाडसांचे मृत्यू संभवतात.

या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. किती प्राणी व कोणत्या जाती बाळगावयाच्या, त्यांच्या पिलांना पुढे जागा आहे काय आणि रानात परत जाण्याची त्यांना काही शक्यता आहे काय, याचा विचार वीण होऊ देण्यापूर्वीच करावा लागतो. प्राण्याला त्याच्या जातीचा समाज मिळवून देण्याचे उत्तरदायित्व त्याला पकडणाऱ्यावर असते. त्या समाजात जन्मणाऱ्या प्रत्येक पिलाचे उत्तरदायित्वही त्याच्यावरच येते.